माळ्यावरची लग्नाची कॅसेट

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. माळा आवरायला काढला होता. माळा आवरणे म्हणजे काय असते ते मैत्रिणींनो तुम्हाला सांगायला नको. टाकायचे म्हणून काढलेल्या दहा वस्तूंपैकी आठ पुन्हा जागच्या जागी जातात आणि उरलेल्या दोनांवरून घरात वाद होतो. या खेपेला वाद झाला तो एका काळ्या व्हिडिओ कॅसेटवरून. जुन्या गोधडीत गुंडाळून, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली. वर चिठ्ठी – 'धाकट्याचे लग्न, मे १९९३'.

मी म्हटलं, "आई, याची सीडी आहे ना आपल्याकडे? मग ही कशाला अडगळ?"

सासूबाई काही बोलल्या नाहीत. कॅसेट माझ्या हातातून घेतली, पदराने पुसली आणि देवघराशेजारच्या कपाटात ठेवून दिली. संध्याकाळी ह्यांना विचारलं तेव्हा उलगडा झाला. आमचे मामंजी १९९६ साली गेले. हे तेव्हा नऊ वर्षांचे. मामंजींचे फोटो घरात तीन-चार आहेत, पण हिंडते-फिरते, बोलते मामंजी फक्त त्या एका कॅसेटमध्ये आहेत. धाकट्या भावाच्या लग्नात मांडवात इकडून तिकडे धावपळ करताना. "मला बाबांचा चेहरा फोटोमुळे आठवतो," हे म्हणाले, "आवाज मात्र अजिबात आठवत नाही."

लग्नाला तेरा वर्षं झाली, पण ही गोष्ट त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितली.

त्या रात्री मी सीडी लावून पाहिली. म्हणजे आधी सीडी चालणारा प्लेअर शोधण्यात दोन दिवस गेले, ते सोडा. २००६ साली एका दुकानात कॅसेट देऊन तिच्या दोन व्हीसीडी करून आणल्या होत्या. मामंजी दिसतात खरे, पण चेहरा कसा, तर ओल्या पाटीवर खडूने काढल्यासारखा. माणूस हलला की त्याचे चौकोन चौकोन होतात. आणि आवाज? दुकानदाराने हौसेने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी भरलेली! सीमांतपूजनाचा भाग तर 'कंटाळवाणा' म्हणून कापूनच टाकलेला. बरं, त्याचाही फार दोष नाही. तेव्हा सगळ्यांना तसंच आवडायचं. कॅसेट परत दिली हे आमचं नशीब. नाहीतर कित्येकींनी सीडी झाल्यावर कॅसेटी भंगारात घातल्या. आमच्या गल्लीतल्या एका काकूंच्या लग्नाच्या कॅसेटवर तर त्यांच्या दिरांनी क्रिकेटची मॅच उतरवून घेतली. काकू अजून सांगतात, "माझ्या सप्तपदीच्या मध्येच गोलंदाज धावत येतो!"

(कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकची एक छोटी चकती असते. ती मोडून टाकली की त्या कॅसेटवर पुन्हा काही उतरवता येत नाही. जुनी कॅसेट हाती लागली तर पहिलं काम हे करा.)

आता जरा मागे जाऊ या. ही व्हीएचएस कॅसेट जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणली. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडच्या सुमारास रंगीत टीव्ही आला आणि पाठोपाठ व्हीसीआर. भाड्याने व्हीसीआर आणून रात्रभर तीन सिनेमे पाहायचे, सगळी गल्ली अंगणात सतरंज्या टाकून बसायची, हे माझ्या आईच्या पिढीने केलं. मग लग्नात शूटिंगवाला आला. खांद्यावर जड कॅमेरा, मागे एक पोरगा दिव्याचा दांडा घेऊन. त्या दिव्याच्या झोतात डोळे मिचकावणाऱ्या नवऱ्या मुली तुम्हीही पाहिल्या असतील. पुढे सगळं सीडीवर आणि मोबाइलवर गेलं. व्हीसीआर बनवणारी जगातली शेवटची कंपनी, जपानचीच फुनाई, तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. म्हणजे आता जी यंत्रं आहेत ती जुनीच, आणि त्यांचे सुटे भागही जुन्याच यंत्रातून काढायचे.

सिनेमाची रीळ आणि कॅसेटची फीत यात मोठा फरक आहे. रीळ उजेडासमोर धरली तर डोळ्यांना चित्र दिसतं. तिचे धोके वेगळे. पुण्याला जानेवारी २००३ मध्ये जुन्या नायट्रेट रिळांच्या कोठाराला आग लागून प्रभातच्या काळातला मोठा ठेवा जळाला. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, तो तर आज पूर्ण उरलेलाच नाही. कॅसेटच्या फितीवर मात्र डोळ्यांना काहीच दिसत नाही. तपकिरी पट्टी नुसती. पातळ पॉलिएस्टरवर चुंबकीय भुकटी चिकटवलेली, आणि त्या भुकटीच्या रचनेत सगळं लग्न! यंत्र नसेल तर ती पट्टी आणि गाठोडं बांधायची नाडी यात फरक नाही. शिवाय पट्टी धरून ठेवणारा चिकट थर दमट हवेने हळूहळू सुटतो, बुरशी लागते. कोणी काही केलं नाही, नुसतं ठेवून दिलं, तरी ती खराब होतच असते.

आणि हे फक्त तुमच्या-आमच्या घरातलं दुखणं नाही बरं का! माणूस १९६९ साली चंद्रावर उतरला, त्याचं थेट चित्रण ज्या मूळ फितींवर झालं होतं, त्या फिती पुढे पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असं खुद्द अमेरिकेच्या नासाने २००९ मध्ये सांगितलं. फिती महाग होत्या, पुसून वापरायची पद्धत होती. बीबीसीनेही आपल्या कित्येक गाजलेल्या मालिका अशाच पुसल्या. आपलं मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्या काळातलं जे जपलं गेलं त्यातलं पुष्कळसं आता सह्याद्री वाहिनी आणि प्रसार भारती संगणकात उतरवून यूट्यूबवर दाखवतात. दुपारचं काम आवरल्यावर मी त्यातल्या साहित्यिकांच्या जुन्या मुलाखती पाहते. लेखकाचा आवाज ऐकला की पुस्तकातलं वाक्य वेगळंच वाटायला लागतं.

तर आमची कॅसेट.

मदतीला धावून आला तो मोठ्या वन्संचा मुलगा. पुण्याला इंजिनिअरिंगला आहे, दिवाळीला आजोळी आला होता. मी कॅसेट सरळ कुठूनतरी आणलेल्या व्हीसीआरमध्ये घालायला निघाले होते. "मामी, थांबा!" म्हणून तो ओरडलाच. कॅसेटचं झाकण उचलून त्याने फितीच्या कडा दाखवल्या. जुन्या लोणच्यावर येते तशी पांढरी बुरशी. अशी कॅसेट चालवली तर बुरशी यंत्राच्या हेडवर बसते, हेड फीत खरवडते, आणि त्यानंतर त्या यंत्रात घातलेली प्रत्येक कॅसेट बाधते. तोंडाला फडकं बांधून, गच्चीत उजेडाला पण उन्हात नाही, असं बसून त्याने ती स्क्रू काढून उघडली. कोरड्या मऊ कापडाने कडा पुसल्या. पाणी अजिबात नाही. मग बुरशीची रिळं एका स्वच्छ रिकाम्या कॅसेटच्या खोक्यात बसवली. इतकं सगळं पाहून मी म्हटलं, हे काम शिवणकाम येणाऱ्या बाईचं आहे. हात स्थिर हवा. (फीत चिकट झाली असेल तर मात्र घरी हात लावू नका. ती जाणत्या माणसाकडेच द्यायची.)

व्हीसीआर संभाजीनगरला मिळाला. एका जुन्या रेडिओ-टीव्ही दुरुस्ती करणाऱ्या काकांनी दुकानाच्या पोटमाळ्यावरून काढून दिला, हेड स्पिरिटने पुसून दिलं, आणि भाडं घेतलं नाही. "ज्याचं आहे त्याला परत आणून द्या," एवढंच म्हणाले. एसटीने वेरूळमार्गे परत येताना तो व्हीसीआर मी मांडीवर घेऊन बसले होते. शेजारची बाई विचारत होती, "काय हो, शेगडी का?"

आता मुख्य प्रश्न. कॅसेटमधलं संगणकात घ्यायचं, ते कोणत्या रूपात? मला वाटायचं, 'व्हिडिओची फाइल' म्हणजे फाइल. त्यात काय निवडायचं? भाच्याने जे समजावलं ते मी माझ्या पद्धतीने सांगते. आठवीच्या मुलांनाही तसंच सांगितलं आणि त्यांना कळलं. (त्याआधी त्यांचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, कॅसेट म्हणजे काय?")

फाइलच्या नावामागे एमपीफोर, एमकेव्ही, एव्हीआय अशी शेपटी असते ना, तो झाला डबा. डब्यात जिन्नस कोणत्या रीतीने भरला आहे ते वेगळं. डब्यावर 'साखर' लिहिलेलं आणि आत रवा, हे आपल्याकडे चालतंच. म्हणून नुसती शेपटी पाहून भुलू नये, आतली रीत विचारावी.

रीती दोन प्रकारच्या. जरीचा शालू तुम्ही ट्रंकेत ठेवता, तो घडी घालून. घडीने जागा कमी लागते, आणि पंचवीस वर्षांनी उलगडला तरी शालू तोच, एक धागा कमी नाही. ही झाली पहिली रीत. दुसरी रीत अशी, की शालूचा पदर आणि काठ ठेवायचे, मधलं कापड 'साधंच तर आहे' म्हणून कापून टाकायचं, आणि नेसायच्या वेळी मध्ये तशाच रंगाचं दुसरं कापड जोडायचं. लांबून कोणाला कळत नाही. व्हीसीडी, डीव्हीडी, मोबाइलमधली एमपीफोर फाइल, सगळ्यांची ही दुसरी रीत. रोजच्या पाहण्याला ती उत्तमच आहे. पण एकदा कापलेलं कापड परत येत नाही, आणि त्या फाइलवरून पुन्हा दुसरी फाइल केली की आणखी थोडं कापलं जातं. व्हॉट्सअॅपवर पाचदा फिरून आलेला व्हिडिओ पाहा, म्हणजे पटेल.

आमच्या व्हीसीडीत तर सुरुवातीलाच कापाकापी झाली होती. आपल्याकडच्या टीव्हीचं चित्र ६२५ ओळींचं, त्यातल्या ५७६ ओळींत प्रत्यक्ष चित्र. संगणकात पूर्ण घ्यायचं तर आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके. व्हीसीडीत घेतात ३५२ गुणिले २८८. गुणाकार करून पाहा, जेमतेम पाव भाग! मामंजींचा चेहरा ओल्या पाटीसारखा का, त्याचं उत्तर हे.

घडी घालायची जी रीत आम्ही घेतली तिचं नाव एफएफव्हीवन. नाव गिरणीच्या पट्ट्याचं वाटतं, पण गुणाची आहे. २००३ साली एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती तयार झाली. व्हिएन्नाच्या ऑस्ट्रियन मेडियाथेकने आपल्या व्हिडिओ फिती उतरवायला ती फार लवकर घेतली, आणि इंटरनेटची मानकं ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने तिची सगळी कृती २०२१ मध्ये छापून जाहीर केली. डबा घेतला एमकेव्हीचा. त्याचीही कृती त्याच संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केली. कृती जाहीर असण्याला मी का महत्त्व देते? एखादीचा मसाला फार छान असतो पण ती प्रमाण कोणाला सांगत नाही. ती गेली की मसालाही गेला. एखाद्या कंपनीच्या गुपित रीतीने ठेवलेली फाइल तशीच. कंपनी बंद पडली की फाइल उघडणार कशी? कृती छापलेली असेल तर आणखी पन्नास वर्षांनी कोणीतरी वाचून उघडेल.

या रीतीत आणखी एक सोय. प्रत्येक चित्राबरोबर हिशेबाची एक बेरीज लिहून ठेवता येते. पुढे कधी डिस्क खराब होऊन एखादा आकडा बदलला तर बेरीज जुळत नाही आणि नेमकं कोणतं चित्र बिघडलं ते कळतं. बचत गटाची वही लिहिणाऱ्यांना ही गोष्ट लगेच पटेल.

तोटा म्हणजे जागा. काहीच घडी न घालता ठेवलं तर एका तासाला साधारण ७५ जीबी लागतात. घडी घालून आमची दोन तास दहा मिनिटांची कॅसेट सत्तर जीबीच्या आसपास बसली. डीव्हीडीची सगळी तबकडीच ४.७ जीबीची. ह्यांनी आकडा ऐकून कपाळावर आठ्या आणल्या. मी म्हटलं, गेल्या वर्षी चतुर्थीच्या जेवणावळीला जेवढा खर्च झाला त्याहून डिस्क स्वस्त आहे. विषय संपला.

एक गोष्ट मात्र मला आधी चमत्कारिक वाटली. संगणकावर पाहताना कोणी हात हलवला की त्याच्या कडेला कंगव्याच्या दात्यांसारख्या रेघा दिसत. मला वाटलं बिघडलं. तो बिघाड नव्हे. जुना टीव्ही एक चित्र दोन हप्त्यांत दाखवायचा, आधी विषम ओळी, मग सम ओळी. सेकंदाला पंचवीस चित्रं, म्हणजे पन्नास अर्धी चित्रं. दोन पेडांची वेणीच म्हणा ना. दुकानात पुष्कळदा 'साफ करून' देतात, तेव्हा एक पेड चक्क फेकून देतात, आणि हालचालीतला जिवंतपणा जातो. म्हणून मूळ फाइल जशी आहे तशी, रेघांसकट ठेवायची. पाहण्याची प्रत करताना काय साफ करायचं ते करा. चित्र ताणून रुंद टीव्हीभर पसरवू नका, नाहीतर सगळे वऱ्हाडी जाडे दिसतात. जुनं चित्र चारास तीन याच मापाचं.

हल्ली संगणकाच्या बुद्धीने जुनं चित्र एकदम लखलखीत करून देतो म्हणणारेही भेटतात. भाच्याने मला एक तुकडा तसा करून दाखवला. चेहरा सुरेख झाला, पण तो मामंजींचा नव्हता. गाल वेगळे, नाक वेगळं. यंत्राने अंदाजाने भरलेलं. कॅसेटमध्ये मुळात जे नाही ते कुठून येणार? सासूबाईंना मी तो तुकडा दाखवलाच नाही.

उतरवायला एक अख्खा दिवस गेला. कॅसेट तिच्याच वेगाने चालते, घाई करता येत नाही. आधी ती पुढे शेवटपर्यंत आणि मागे पहिल्यापर्यंत एकदा गुंडाळून घेतली. वरच्या बाजूला चित्र वाकडं होऊन नाचत होतं, म्हणून मध्ये एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला, त्यातून गेल्यावर चित्र स्थिर झालं. ट्रॅकिंगची कळ फिरवून मुंग्या कमी केल्या. आवाज मात्र काहीही कापाकापी न करता पूर्ण घेतला. त्याला तासाला एक जीबीसुद्धा लागत नाही, मग काटकसर कशाला?

मी स्वयंपाकघरात धपाटे थापत होते. बाहेरून वाजंत्र्याचा आवाज येत होता, मग सिनेमाचं गाणं. मूळ कॅसेटमध्येही मंगलाष्टकांवर शूटिंगवाल्याने गाणं टाकलेलंच होतं. माझा जीव थोडा खट्टू झाला. मग गाणं थांबलं. सीमांतपूजन आलं, जे सीडीतून कापलं होतं तेच. भांड्यांचे आवाज, बायकांची गडबड, कोणाचं तरी लहान मूल रडतंय. आणि एकदम मोठ्याने, घोगरा, मराठवाडी हेल असलेला आवाज – "अरे, त्या पोराला कोणीतरी आत घ्या, उन्हात उभं हाये!"

ते पोर म्हणजे हे. सहा वर्षांचे. नवी कोरी विजार, हातात फुगा.

मी पिठाच्या हातांनीच बाहेर आले. हे खुर्चीच्या कडेला बसले होते, काही बोलत नव्हते. भाच्याने थांबवू का म्हणून माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, टीव्हीजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "टोपी बघ कशी तिरपी घातलीय. सकाळी सांगितलं होतं मी." मग भाच्याला म्हणाल्या, "परत लाव रे."

तो भाग एकोणीस सेकंदांचा आहे. त्या संध्याकाळी तो किती वेळा लावला ते मी मोजलं नाही. धपाटे मात्र करपले.

आता आमच्याकडे मूळ फाइलच्या तीन प्रती आहेत. एक घरातल्या डिस्कवर, एक दुसऱ्या कंपनीच्या डिस्कवर वन्संकडे पुण्याला, आणि एक इंटरनेटवरच्या साठ्यात. तिन्ही एकाच कपाटात ठेवल्या तर तीन करून काय उपयोग? पाहायला आणि नातेवाइकांना पाठवायला वेगळी एमपीफोर प्रत केली, ती मोबाइलवर सहज चालते. मोठी फाइल मोबाइलवर बहुधा उघडत नाही, संगणकावर व्हीएलसीमध्ये उघडते. दर दिवाळीला फराळाचं सामान भरायच्या आधी डिस्क जोडून पाहायची आणि बेरीज जुळते का ते बघायचं, असं ठरवलं आहे. डिस्कही काही अमर नसते. पाच-सहा वर्षांनी नवी घेऊन त्यावर उतरवावं लागेल. कॅसेट टाकली नाही. पूर्ण गुंडाळून, पुस्तकासारखी उभी, कोरड्या कपाटात, स्पीकरपासून लांब ठेवली आहे. डांबराच्या गोळ्या काढल्या.

ही हकिगत गल्लीत पसरली आणि व्हीसीआर परत करायच्या आधी आमच्याकडे सात कॅसेटी आल्या. दोन चालल्या नाहीत. एकीत लग्नाऐवजी सगळा सिनेमाच निघाला. आणि परवा चाळीसगावच्या चुलतसासूबाईंचा फोन आला, म्हणजे त्या लग्नातली नवरी. म्हणाल्या, "अगं, माझ्याकडे दुसरी कॅसेट आहे. वरातीची. त्यात मोठे भाऊजी नाचलेत."

मामंजी नाचले होते हे सासूबाईंनी साफ नाकारलं आहे. रविवारी आम्ही घाट उतरून चाळीसगावला जाणार आहोत. त्याही येते म्हणाल्या.